राबाचा पातेरा

माझ्या दोघा बाळांनो,

हे पत्र लांबणार आहे. थोरली तेरा वर्षांची, तिचं मराठी वाचन हळू का होईना पण चालतं, तेव्हा वाचायचं काम तिचं. धाकट्यानं ऐकायचं आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे, ते त्याला उत्तम जमतं. कुठे अडलंत तर आईला विचारा. तिच्यापासून लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

आजच लिहायला बसले याला कारण आहे. येत्या रविवारी मला तुमच्या आईला एक उत्तर द्यायचं आहे. मुळशीचं हे घर बंद करून मी बावधनच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला जाणार का नाही, ते. तिनं तिथे एक खोली माझ्यासाठी राखून ठेवली आहे आणि मे संपायच्या आत हो किंवा नाही कळवायचं आहे. तुम्ही माझं उत्तर आईकडून ऐकाल, पण त्यामागचं सगळं तुम्हाला माझ्याकडून कळावं असं मला वाटतं. कारण हे सुरू झालं तुमच्या प्रश्नावरून. तुम्ही विचारलंत आणि मी तुमच्याशी खोटं बोलले.

मी इंग्रजी शाळेत शिकले, नोकरीची सगळी वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, आणि कामाच्या याद्या अजूनही इंग्रजीतच करते. हे पत्रही इंग्रजीत सुरू केलं होतं. दोन परिच्छेदांत ते रजेच्या अर्जासारखं दिसायला लागलं. म्हणून मराठी.

आजोबा आणि मी इथे आलो ते साधं राहायला. दोघं निवृत्त झालो होतो, तुमची आई तिकडे परदेशी गेली होती, आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आमच्या दोघांपेक्षा सामान जास्त होतं. पौडच्या पुढे, धरणाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या डोंगरावर ही जागा मिळाली. उतारावर जुने ऐन, साग, एक फणस, दोन जांभळी. आजोबांनी फुटपट्टी घेऊन घराचा नकाशा काढला आणि मी 'न्यायच्या नाहीत' अशा वस्तूंची यादी केली. टीव्ही, मिक्सर, सोफा, पाहुण्यांची भांडी. यादी दोन पानी झाली आणि आम्हाला तिचा फार अभिमान होता. पहिल्या वर्षात मिक्सर आला, कारण पाट्यावर वाटून आजोबांचा खांदा धरला. मग वीज जायची म्हणून इन्व्हर्टर. मग बोअरची मोटर, माकडांसाठी जाळी, फाटकाला कॅमेरा. तिसऱ्या वर्षी आजोबा म्हणाले, "साधेपणाची देखभाल करायला आता एक माणूस ठेवावा लागेल." तरी बरे दिवस होते. संध्याकाळी आम्ही दोघं पायरीवर बसायचो आणि पाणी किती खाली गेलं ते बघायचो.

आजोबा गेले त्याला पाच वर्षं होतील. लोकांना वाटतं, बाईला पावसाळ्यात एकटं वाटत असेल. इथला पाऊस धो धो, आठ आठ दिवस डोंगर दिसत नाही. मला पावसाळ्यात काही होत नाही. भिंतींची ओल पुसायची, कपडे वाळवायचे, डब्यांत किडे झालेत का बघायचं, दिवस पुरत नाही. हिवाळाही चांगला जातो. मला होतं ते उन्हाळ्यात.

होळी झाली की सुरू होतं. आधी भूक कमी होते. मग सकाळी उठल्यावर केस विंचरायचं मोठं काम वाटायला लागतं. दुपारी एकपासून पाचपर्यंत ऊन समोरच्या उतारावरून असं वर येतं की पडदे ओढले तरी त्यांच्या विणीतून आत दिसतं. खाली धरणाचं पाणी आटतं, काठाची माती भेगाळते, आणि बुडालेल्या शेतांचे जुने बांध वर येतात. शनिवारी-रविवारी लवासाकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज असतो. सोमवारी तोही नसतो. मी पलंगावर पडून पंख्याकडे बघते. दुःख म्हणावं तर डोळ्यांत पाणी येत नाही. कुणाची आठवण म्हणावी तर तेवढीही ताकद नसते. फक्त असं वाटतं की मी या खोलीत ठेवलेली एखादी वस्तू आहे आणि न्यायच्या नाहीत त्या यादीत माझं नाव लिहायचं राहून गेलंय.

बाहेरून मात्र सगळं टापटीप. हे मला चांगलं जमतं. या दिवसांत तर डबे जास्तच घासले जातात. स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं जुनं ग्रंथालयातलं अक्षर.

आणि रविवारसाठी कार्डं. ही गोष्ट तुम्हाला सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. कॉलेजचं ग्रंथालय संगणकावर गेलं तेव्हा सूचीची शेकडो कोरी कार्डं रद्दीत निघाली होती. मी एक लाकडी खोका भरून घरी आणली. रविवारी संध्याकाळी सहाला तुमचा व्हिडिओ कॉल यायचा, तुमच्याकडे तेव्हा सकाळ. त्याआधी मी एका कार्डावर पाच ओळी लिहून ठेवायची. पहिली हवा. दुसरी झाडं. तिसरी एक गंमत. चौथी तुम्हाला विचारायचे प्रश्न, शाळा, पोहणं, धाकट्याचा पडलेला दात. पाचवी ओळ दर आठवड्याला तीच असायची: तक्रार नको. कार्ड मी फोनच्या मागे तांब्याला टेकवून ठेवायची. वीस मिनिटं मी अगदी मजेत असायची. फोन ठेवला की कार्ड खोक्यात सगळ्यात मागे जायचं.

तीन उन्हाळे असे निघाले. चौथ्याला, म्हणजे यंदा, एका आठवड्यात मी कार्ड लिहिलंच नाही. आधीच्या रविवारचं मागे टाकायचंही राहिलं होतं. सहा वाजता खोका उघडला, पहिलं कार्ड काढलं, तांब्याला टेकवलं आणि बोलायला लागले. वानरानं टाकीचं झाकण पळवून फणसावर नेलं आणि तिथे बसून ते टोपीसारखं डोक्यावर धरलं, ती गंमत सांगितली. मग थोरली म्हणाली, "आजी, हे तू लास्ट वीक पण सांगितलंस."

मी म्हटलं, "हो का गं? म्हातारी झाले."

"नाही, म्हणजे... सगळं सेम. तू सेम ठिकाणी हसलीस."

धाकट्यानं तोंड पडद्याच्या अगदी जवळ आणलं. मला फक्त त्याचं नाक आणि एक डोळा दिसत होता. "आजी, तू वाचतेयस का?"

मी म्हणाले, "नाही रे राजा."

कार्ड समोर होतं. हेच ते खोटं.

दुसऱ्या दिवशी तुमच्या आईचा एकटीचा फोन आला. ती ओरडत नाही, तुम्हाला माहीतच आहे. तिचा आवाज उलट खाली जातो. "आई, काय चाललंय?" मी म्हटलं, काही नाही, उकाडा आहे. ती म्हणाली, बावधनला एक चांगली जागा बघून ठेवली आहे, डॉक्टर आवारात, जेवण आयतं, गप्पांना माणसं. मे अखेरपर्यंत खोली राखून ठेवतील. आणि या रविवारी मला सगळं घर फिरवून दाखव, खोल्या, फ्रिज, अंगण, सगळं.

मला वाटलं, परीक्षा आहे. परीक्षेची तयारी मला येते.

अंगण ही एकच अडचण होती. एप्रिलमध्ये ऐन आणि साग पानं टाकतात. सागाचं एक पान ताटाएवढं असतं. तीन आठवडे मी झाडू हातात घेतला नव्हता आणि पायऱ्यांपासून फाटकापर्यंत घोट्याएवढा पातेरा साचला होता. चाललं की कुरकुर वाजायचा. शनिवारी मी वरच्या बंगल्यांची देखभाल करणाऱ्या माणसांना फोन केला. तिघं आले, पाठीवर पानं उडवायचं यंत्र, हातात प्लॅस्टिकच्या गोण्या. दोन तास कानठळ्या बसल्या. मग अंगण असं झालं की मातीवर झाडूच्या रेघासुद्धा नाहीत.

"इसका क्या करोगे?" मी विचारलं.

"जला देंगे, माताजी. ऊपर नाके पे।"

मी बरं म्हटलं. रविवारी फोन हातात धरून तुमच्या आईला सगळीकडे फिरवलं. अंगणात आल्यावर ती म्हणाली, "छान ठेवलंयस गं." तिच्या चेहऱ्यावरची एक आठी गेलेली मला दिसली. मला वाटलं, जिंकले.

इथे मला मागे जाऊन एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही नवीन आलो त्या वर्षी आजोबांनी पुस्तकात वाचून खताचा खड्डा खणला होता आणि अंगणातली पानं मोजूनमापून त्यात भरत होते. एका सकाळी कुंपणापलीकडे एक बाई उभी राहिली. डोक्यावर रिकामी पाटी, पदर खोचलेला. खालच्या वस्तीतली, आमच्या उताराच्या पायथ्याशी तिची भातखाचरं. ती म्हणाली, "सायेब, ह्यो पातेरा आमचा हाय."

आजोबांना वाटलं, जागेवर हक्क सांगतेय. ते आत गेले आणि सातबारा घेऊन आले. खरंच. प्लॅस्टिकच्या पिशवीतून उतारा काढून तिला कुंपणावरून दाखवायला लागले.

तिनं तो बघितलासुद्धा नाही. "जमीन तुमचीच हाय वो. कोन न्हाई म्हनतंय? पानं आमची."

मग तिनं आम्हाला राब समजावला. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं तो आधी भाजावा लागतो. शेण, वाळक्या फांद्या, त्यावर पातेरा, वर मातीचा थर, आणि मंद पेटवून द्यायचं. तण जळतं, माती मऊ होते, राख खाली बसते. तिच्या सासूच्या काळापासून राबाचा पातेरा या उतारावरून जायचा. मग उताराचे प्लॉट पडले, कुंपणं आली, आणि पानं कुंपणांच्या आत गेली. वरचे बंगलेवाले ती पेटवून देतात. ती म्हणाली, "तुमी तरी जाळू नका."

आजोबांनी सातबाऱ्याची घडी घातली. "ठीक," ते म्हणाले. "जमीन आमची, पानं तुमची." त्या दिवसापासून दर उन्हाळ्यात मी पातेरा झाडून फणसाखाली ढीग करायची आणि ती पाट्या भरून न्यायची. दिवाळीनंतर ती नव्या आंबेमोहोराची एक पिशवी पायरीवर ठेवून जायची. थांबायची नाही. आजोबा गेल्यावरही हे चुकलं नाही. ती मला 'मॅडम' म्हणते, मी तिला 'ताई'. बारा-तेरा वर्षांत आम्ही एकमेकींच्या घरात बसून चहा प्यायलो नव्हतो.

तर, तुमच्या आईला अंगण दाखवलं त्याच्या दुसऱ्या सकाळी, सोमवारी, ती आली. फाटकातच थांबली. पाटी डोक्यावरून काढून कमरेवर घेतली आणि अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"लई झ्याक केलंय. जेवायला बसावं वाटतंय हितं." मग माझ्याकडे वळून, "आन पातेरा कुटं हाय?"

मला तोपर्यंत आठवलंच नव्हतं. शप्पथ सांगते, त्या क्षणापर्यंत नाही. तीन आठवड्यांत राब हा शब्द माझ्या मनात आला नव्हता. मी म्हटलं, "नेला."

"कुनी?"

"वरच्या माणसांनी. यंत्रानं. मी बोलावलं होतं."

"तुमी?" तिनं पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "पंधरा दिस बगतीया मी खालनं. म्हटलं मॅडमचा पातेरा पडलाय, असू द्या, आजारी असतील, आपुन झाडून नेऊ. जयंतीला खीर खायाला बोलावलं तर डोकं दुखतंय म्हनालात. म्हटलं असंल. आन डोकं थांबलं ते अंगान लोटायला व्हय? वो मॅडम, रोप काय आता तुमच्या ह्या आरशात टाकू?"

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि रडायला लागले. पायरीवर बसले आणि लहान मुलासारखं हुंदके देऊन रडले. आजोबा गेले तेव्हाही मी चार माणसांत अशी रडले नव्हते. मी काहीतरी सांगत होते, रविवार, कार्ड, वानर, खोली, तिला त्यातलं काय कळलं असेल देव जाणे.

ती जवळ आली नाही. पाठीवरून हात वगैरे काही नाही. पाटी उपडी करून तिच्यावर बसली आणि मी थांबेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जेवलात कधी?"

मी बोटांवर वेळा मोजायला लागले.

ती उठून सरळ स्वयंपाकघरात गेली. डबे उघडझाक केल्याचे आवाज आले. मग ओरडली, "समदं इंग्रजीत लिवलंय! साखर कुटं हाय?"

"दुसऱ्या फळीवर, डावीकडून तिसरा."

"घावला. आन साखरंच्या डब्यात साखरच हाय की! आमच्यात डब्यावर लिवलेलं बिस्कुट, आन आत मोहरी." चहा झाला, रात्रीची पोळी तिनं तव्यावर कडक करून दिली. मी खाल्ली. ती समोर उभी राहून बघत होती.

"आमची सासू अशीच व्हायची," ती म्हणाली. "चैत लागला की भिंतीकडं तोंड. बोलायची न्हाई, खायाची न्हाई. आमी म्हनायचो, म्हातारीला उन्हानं खाल्लीया."

"मग काय करायचात तुम्ही?"

"काय करनार? कामाला लावायचो. राबाला पातेरा येचायला न्यायचो."

"बरं वाटायचं त्यांना?"

"न्हाई," ती म्हणाली. "पर दिस जायचा."

मी म्हटलं, तुमचं आयुष्य साधं आहे हो ताई, आम्ही तेच शोधत इकडे आलो होतो. ती एवढी हसली की तिच्या बशीतला चहा सांडला. तिचा मुलगा घोटावड्याकडच्या कारखान्यात पाळीनं जातो, एका आठवड्यात दिवसा, एका आठवड्यात रात्री. सून लवळ्याला पोरांच्या होस्टेलच्या कँटीनमध्ये, सकाळी सहाला घर सोडते. नातू हिच्याकडे, म्हैस हिच्याकडे, भात हिच्याकडे, नवऱ्याच्या गुडघ्याचं तेलही हिच्याकडे. "साधं व्हय? या की ऱ्हायला. दोन दिस पानी भरा, मग बोला." मग उठताना म्हणाली, "उद्या सा वाजता खाली या. पातेरा घालवलात, आता येचायला लागा."

मी गेले. सकाळी सहा ते आठ, पाच दिवस. कुंपणांच्या बाहेर आता फार झाडं उरलेली नाहीत. ओढ्याच्या काठानं आणि रस्त्याच्या कडेनं आम्ही पानं वेचली. ती तिच्या पाटीत जेवढी भरायची त्याचा चौथा हिस्सा माझ्या पिशवीत. वाकून माझी पाठ धरायची, मग मी बसून वेचायची. बोलणं फार नसायचं. पहिल्या दिवशी घरी आले आणि दुपारी पुन्हा पलंगावर पडून पंखा बघितला. दुसऱ्या दिवशीही. तुम्हाला गोष्टींमध्ये असं आवडतं की आजी पानं वेचायला गेली आणि बरी झाली. तसं झालं नाही. पण एकाच्या जागी दुपार दोनला सुरू व्हायला लागली.

त्याच आठवड्यात मी तुमच्या आईला फोन करून खरं सांगितलं. कार्ड न घेता. तीन उन्हाळे, भूक, केस, पंखा, खोक्यातली कार्डं. तिनं मध्ये न तोडता सगळं ऐकलं. मग म्हणाली, "आई, आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तू खोली राखून ठेवली असतीस."

"ठेवलीच ना."

"म्हणूनच."

ती थोडी हसली, मग तिचा आवाज आणखी खाली गेला. "पण मग तर तुला जायलाच हवं गं. एकटीनं कसं काढणार आहेस हे?" तिचं चूक नाही. खरं सांगून मी माझीच बाजू लंगडी केली, हे मला तेव्हाच कळलं. पण पुन्हा कार्ड काढायची माझी तयारी नव्हती.

तिनं सांगितलं म्हणून पुण्याला जाऊन एका डॉक्टरीणबाईंना भेटले. तिशीच्या असतील. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, पुष्कळांचं मन हिवाळ्यात खाली जातं, काहींचं उन्हाळ्यात, तुम्ही काही जगावेगळ्या नाही. गोळ्या दिल्या, पाणी आणि झोप यांचं सांगितलं. मग विचारलं, "नोकरीत असताना दुपारी तीन वाजता काय करायचात?"

मला वाटलं, हा काय प्रश्न. पण उत्तर लगेच आलं. तीन वाजता परत आलेली पुस्तकं डाव्या हाताला असायची. एकेक उघडायचं, कार्ड घालायचं, फळीचा नंबर बघायचा, उजवीकडे ठेवायचं. शिपाई चहा आणायचा. पाचपर्यंत डावीकडचा ढीग संपलेला असायचा. कुणी न कुणी येऊन म्हणायचं, मॅडम, ते अमुक आलं का? बस्स, एवढंच. डॉक्टरांकडून घरी येताना बसमध्ये हे सांगितल्याचं आठवलं आणि वाटलं, आम्ही साधं राहायला म्हणून पंचवीस मैल आलो, आणि मला जे साधं हवंय ते त्या टेबलावर होतं. एक ढीग आणि तो कुणाला तरी लागतो ही खात्री.

परवा राब भाजला. वारा पडलेला असताना, सकाळी लवकर. मला बांधावर बसवलं होतं, पोरांबरोबर, म्हणजे तिच्या नातवाबरोबर. तो चार वर्षांचा आहे आणि धाकट्यासारखाच प्रश्न विचारतो. तुकडा पूर्ण झाकलेला होता, शेण, फांद्या, पातेरा, माती. फक्त एका कोपऱ्यात थर पातळ दिसत होता. आमची पाच दिवसांची वेचणी तिथपर्यंत पुरली नव्हती.

ताईनं काठीनं तो कोपरा दाखवला. "ह्यो तुमचा. हितं तन माजंल. तवा खुरपायला यायचं, सांगून ठिवते."

"येईन."

"बावधानास्नं?"

मी तिला बावधनचं त्या सोमवारी पायरीवर रडताना सांगितलं होतं. तिनं त्यावर तेव्हा एक शब्द काढला नव्हता, आणि आताही माझ्याकडे न बघताच विचारलं. ती वाकून पेटवत होती. धूर आधी पांढरा आला, मग मातीच्या भेगांतून बारीक बारीक निघत राहिला. दिवसभर तो तसाच जळतो, जाळ फारसा दिसत नाही. नातवानं मला विचारलं, आत काय हाय? मी म्हटलं, पानं. तो म्हणाला, कुनाची? मला हसू आलं, आणि ते कुठल्या कार्डावर नव्हतं.

तर आता उत्तर. रविवारी मी तुमच्या आईला सांगणार आहे की ती खोली सोडून दे. त्याचबरोबर हेही सांगणार आहे: गोळ्या मी घेते आहे, महिन्यातून एकदा पुण्याला डॉक्टरांकडे जाईन, आणि फाटकाची एक किल्ली खाली ताईकडे दिली आहे. सकाळी आठपर्यंत मी दिसले नाही तर ती वर येणार. तिनं त्याला एवढंच म्हटलं, "येते की. तुमच्या डब्यातली साखर संपवायला." रविवारी आपण बोलू तेव्हा माझ्याकडे कार्ड नसेल. एखाद्या रविवारी माझ्याकडे सांगायला काहीच नसेल आणि मी तसंच सांगेन. तेव्हा तुम्ही बोला, मी ऐकेन. एखाद्या रविवारी मी फार वेळ बसणार नाही. त्याचा अर्थ मी तुमच्यावर रागावले असा घेऊ नका. पुढच्या मेमध्ये तिकडे ये, असं आई म्हणेल. येईन, पण राब भाजून झाल्यावर.

मी बरी झाले असं समजू नका. आत्ता दुपारचे दोन वाजले आहेत, पडदे ओढलेले आहेत, पंखा फिरतो आहे, आणि हे पत्र संपलं की काय करायचं ते मला माहीत नाही. घर फार मोठं वाटतं. आजोबांची फुटपट्टी अजून टेबलाच्या खणात आहे, मी ती कशालाच वापरत नाही. बावधनला गप्पांना माणसं मिळाली असती, हेही खरं आहे. पुढे कधीतरी, वाकणं अजिबात जमेनासं झालं की, मी स्वतः आईला फोन करून खोली बघ म्हणेन. त्याला माझी ना नाही. फक्त यंदा नाही.

खोटं बोलल्याबद्दल तुम्हा दोघांची माफी मागते. हो, मी वाचत होते.

साधं राहणं आम्हाला काही जमलं नाही, आणि ज्यांच्याबरोबर जमवायचं होतं ते आजोबाही आता नाहीत. पण फणसाखाली आज पुन्हा थोडी पानं पडली आहेत, आणि त्यांनी दिलेला शब्द अजून टिकून आहे: जमीन आमची, पानं त्यांची.

तुमची आजी